लघु आरा यंत्र खरेदीबाबत

सरळ रेषा कोणीही कापतो. माणसाची खरी परीक्षा वक्र रेषेत असते. माणूस गुहेतून बाहेर आला, त्याने चाक केलं, घुमट बांधले, देवळांवर शिखरं चढवली, या साऱ्याच्या मुळाशी वक्र रेषेची ओढ आहे, असं केशव मुंडले यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांचं झालं ते जुलैतल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, लाकडी बैलाचं वशिंड करवतीने कापता कापता शेजारी आणखी एक वशिंड तयार झालं तेव्हा.

प्रमोदिनीबाई चहा घेऊन मागच्या खोलीत आल्या. बाकावरच्या आकृतीकडे त्यांनी आधी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या.

"उंट आहे का हो?"

"बैल आहे."

"मग वशिंडं दोन काहून?"

"पहिलं चुकलं म्हणून दुसरं घेतलं."

बाईंनी चहा बाकावर ठेवला. बाकाला तीन पाय होते. चौथा नंतर लावायचा ठरला होता, त्यालाही आता पाच महिने झाले होते.

प्रकरण साधं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, कॉलनीच्या मैदानात लेकरं आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत आणतात. परीक्षक फिरतात, नंबर काढतात, खाऊ वाटतात. मागच्या वर्षी केशवरावांची नात, म्हणजे त्यांच्या लेकीची, अदितीची मुलगी, शेजाऱ्यांचा उसना बैल घेऊन गेली होती. त्या बैलाची किंमत शेजाऱ्यांनी मैदानातच तीन जणांना सांगितली. तेव्हा केशवरावांनी परीक्षकांसमोर जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी आमचा बैल घरी होईल, या हातांनी होईल. जानेवारीत ते निवृत्त झाले आणि मागच्या स्कूटर ठेवायच्या खोलीची त्यांनी कार्यशाळा केली. तेव्हापासून त्या खोलीतून तीन पायांचा बाक आणि पेपर ठेवायची एक चौकट, एवढंच बाहेर पडलं होतं. चौकटीत पेपर राहत नव्हता.

"हे पहा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "या खोलीला भाडं येऊ शकते. समोरच्यांनी दिली त्यांची, दोन मुली राहतात. मी आतापर्यंत काही बोलले नाही. पण तान्ह्या पोळ्याला या खोलीतून बैल निघाला तर खोली जन्मभर तुमची. नाही निघाला तर दसऱ्याला भाडेकरू."

"मंजूर."

"आणि बैल म्हणजे बैल. वशिंड एक."

चहा संपायच्या आत केशवरावांनी निष्कर्ष काढला की दोष हाताचा नसून हत्याराचा आहे. दुपारपर्यंत त्यांना मोबाईलवर तो माणूसही सापडला, जो एका छोट्या मशीनवर चार मिनिटांत अख्खा हत्ती कापून, वर फुंकर मारून बाजूला ठेवत होता. मशीन म्हणजे वर-खाली दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, मध्ये एक टेबल. लाकूड धरून वळवत जायचं, पट्टी आपली कापत राहते. लकडगंजात, म्हणजे शहरातल्या लाकूडबाजारात, हिला आरा मशीन म्हणतात आणि तिच्यावर झाडं चिरतात. ही तिचीच घरगुती बहीण. बँड सॉ. नऊ इंची.

इथपर्यंत कोणताही माणूस पोहोचला असता. पुढचं मात्र फक्त केशव मुंडल्यांनाच सुचणं शक्य होतं. त्यांनी कपाटातून एक कोरं फाईल कव्हर काढलं, पांढऱ्या दोऱ्याची गाठ बांधली आणि वर लिहिलं: ‘विषय : गृह कार्यशाळेकरिता लघु आरा यंत्र खरेदीबाबत.’

चौतीस वर्षं ते एका सरकारी खात्याच्या भांडार शाखेत होते. खुर्च्या, कपाटं, सतरंज्या, फिनेल, एकदा चुकून चारशे घमेली, असं सगळं त्यांनी खरेदी केलं होतं, आणि सगळं तीन दरपत्रकं मागवून, ती बंद पाकिटांत घेऊन, तुलनात्मक तक्ता करून. घरात मात्र मीठ-मिरचीपासून गोदरेजच्या कपाटापर्यंत सगळं प्रमोदिनीबाईंनी आणलं. केशवरावांचे बूटसुद्धा. थोडक्यात, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मनाने, दुकानात जाऊन एखादी वस्तू उचलून आणणं, हा अनुभव अठ्ठावन्न वर्षांत त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. तो कसा घेतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

यंत्राची वैशिष्ट्यं ठरवायला त्यांनी मोबाईलवरच्याच तीन अमेरिकन माणसांची मदत घेतली. तिघांचीही गॅरेजं मुंडल्यांच्या घरापेक्षा मोठी होती आणि तिघंही ‘स्वस्त’ हा शब्द सारखा वापरत. पहिला म्हणाला, मशीनचा गळा मोठा पाहिजे, म्हणजे पट्टी आणि मागचा खांब यांच्यात जागा भरपूर. दुसरा म्हणाला, जाडी महत्त्वाची, चार इंची ठोकळा आरपार गेला पाहिजे. तिसरा म्हणाला, थरथरली तर व्यर्थ. केशवरावांनी तिघांचंही सगळं घेतलं. एकूण तेरा मुद्दे झाले. रंगाचाही होता: ‘करडा अथवा हिरवा.’ वजनाबद्दल त्यांनी विचारपूर्वक लिहिलं: ‘दोन माणसांना हलवता येण्याजोगे.’

फाईल मंजुरीसाठी प्रमोदिनीबाईंकडे गेली, कारण पेन्शनचं पासबुक त्यांच्याकडे असे. त्यांनी ती फ्रिजवर ठेवली. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या दिवशी केशवरावांनी जेवताना सहज विचारावं तसं विचारलं.

"फाईलचं काय झालं?"

"फिरून राहिली."

"कुठे?"

"तुमच्या ऑफिसात कुठे फिरायची?"

सहाव्या दिवशी फाईल परत आली. समासात, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या वळणदार अक्षरात शेरा होता: ‘चर्चा करावी.’ चर्चा मेथी निवडताना झाली. खर्चाची मर्यादा पंधरा हजार ठरली, आणि केशवरावांनाही निम्मी जुडी निवडावी लागली.

गांधीबागेच्या बाजारात रजतचं मशिनरीचं दुकान होतं. पस्तिशीचा, हसतमुख, दुकानात बसल्या बसल्या तीन माणसांशी तीन भाषांत बोलणारा माणूस. त्याच्याकडे नऊ इंची मशीन समोरच मांडलेली होती, करड्या रंगाची. त्याने बटण दाबून दाखवलं, फळीचा एक तुकडा गोल कापून दाखवला आणि म्हणाला, घेऊन जा काका, गाडीत टाकून देतो. गोष्ट इथे संपू शकत होती. केशवराव म्हणाले, कोटेशन लागेल. लेटरहेडवर, बंद पाकिटात, पंधरा दिवसांच्या आत.

रजतने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सर, तुम्ही भांडार शाखेचे मुंडले साहेब का?"

केशवरावांनी हो म्हटलं. रजतने लगेच खुर्ची मागवली, चहा मागवला. त्याचे वडील पंधरा वर्षं त्या ऑफिसला माल देत होते.

"मग टेन्शन काहून घेता सर? तिन्ही कोटेशन मीच देतो ना. एक आपलं, एक मोठ्या भावाच्या फर्मचं, एक वहिनीच्या फर्मचं. पप्पा देत होते तसंच."

"वहिनींची फर्म अजून आहे?"

"आहे ना. वहिनीचा रेट आजही सगळ्यात जास्त राहते."

केशवरावांना ती फर्म चांगली आठवत होती. पंधरा वर्षं तिने दर वस्तूला सगळ्यात महाग दर भरला आणि एक खिळासुद्धा पुरवला नाही. त्यांना त्या फर्मबद्दल मनातून थोडी कणवही वाटत आलेली होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की नाही, एकच द्या, तुमचं.

"काहून सर? चौतीस वर्षं चाललं ना?"

"या वेळी पैसे माझे आहेत," केशवराव म्हणाले.

दुसरं दरपत्रक इंटरनेटवरून आलं. वेबसाईटला पाकीट देता येईना, म्हणून केशवरावांनी झेरॉक्सच्या दुकानात पानाची प्रिंट काढली, किमतीकडे न पाहता घडी घातली, पाकिटात भरली, लाखेऐवजी मेणबत्तीचे चार थेंब टाकले आणि पाकीट स्वतःच स्वतःकडे सुपूर्द केलं. किमतीकडे पाहायचं नाही म्हणून प्रिंट काढताना त्यांनी डोळे मिटले होते. त्यामुळे दुकानदाराने सात पानं काढली, तीही रंगीत.

तिसऱ्यासाठी ते वाडीला गेले. अमरावती रोडवर, ट्रकांच्या रांगांमागे, धर्मेंद्र नावाच्या माणसाचं फर्निचरचं गोदाम बंद होत होतं आणि तो मशिनी काढत होता. त्याच्याकडची बँड सॉ केशवरावांपेक्षा हातभर उंच होती. धर्मेंद्र टायरवर बसून कणीस खात होता.

"घेऊन जा काका. मले जागा खाली करायची हाय. बारा हजार द्या, क्रेन तुमची."

केशवरावांनी त्याला तेरा मुद्दे वाचून दाखवले. गळा भरपूर होता. जाडी चार इंच काय, चौदा इंच जात होती. रंग हिरवा. थरथरायचा प्रश्नच नव्हता. ती जमिनीत बोल्टने बसवलेली होती. वजनाच्या मुद्द्यावर केशवराव अडखळले.

"दोन माणसांना हलली पाहिजे."

"हलते ना. एक क्रेनवाला, एक त्याचा हेल्पर."

धर्मेंद्रने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात दर लिहून दिला.

ठरल्या दिवशी, दुपारी चार वाजता, जेवणाच्या टेबलावर पाकिटं उघडली. रजत चौदा हजार आठशे, वेबसाईट चौदा हजार पाचशे, धर्मेंद्र बारा हजार. तुलनात्मक तक्ता करता करता केशवरावांना घाम फुटला. न्यूनतम दर वाडीचा होता, आणि वाडीची मशीन तेराच्या तेरा मुद्द्यांत बसत होती. चौतीस वर्षांत त्यांनी अटी पूर्ण करणारा न्यूनतम दर कधी डावलला नव्हता. एकदा तर त्यांनी त्याच नियमाने सगळ्या ऑफिसला डाव्या हाताच्या कात्र्या आणल्या होत्या.

पुढचे तीन दिवस ते मोजमापं घेत होते. टेप घेऊन गेट मोजलं. खोलीचं दार मोजलं. गेट काढावं लागेल, दाराची चौकट काढावी लागेल, खोलीचं छत दीड फूट वर घ्यावं लागेल असा हिशेब निघाला, आणि या प्रत्येक कामाला तीन-तीन दरपत्रकं लागणार होती. प्रमोदिनीबाईंना हे कळलं ते वीज कंपनीचा माणूस दारात येऊन उभा राहिला तेव्हा. इथे थ्री फेज कनेक्शनची चौकशी कोणी केली, असं तो विचारत होता.

"थ्री फेज कशाला?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"वाडीची मशीन थ्री फेजवर चालते."

"तुमच्या तेरा मुद्द्यांत लाईटचं काहीच नव्हतं?"

नव्हतं. रंग होता, वीज नव्हती. ऑफिसात वीज हा बांधकाम शाखेचा विषय असे. केशवरावांनी मान खाली घातली आणि फाईलवर लिहिलं की अपरिहार्य कारणास्तव सदर प्रक्रिया रद्द करून फेरदरपत्रकं मागवण्यात यावीत. त्यांना जरा हलकं वाटलं. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे दोन शब्द लिहिले की त्यांना नेहमीच हलकं वाटे.

"पोळ्याला किती दिवस राहिले?" बाईंनी विचारलं.

"एकवीस."

"समोरच्यांना मी विचारून ठेवलं आहे. मुलींची वेटिंग लिस्ट आहे म्हणे."

दुसऱ्या फेरीत मुद्दे पंधरा झाले. चौदावा सिंगल फेजचा. पंधरावा: ‘यंत्रास क्रेन लागू नये.’ धर्मेंद्रने तोवर आपली मशीन भंगारात काढली होती, त्यामुळे पाकिटं दोनच आली. रजत दररोज फोन करून विचारी, सर, वहिनीचं देऊ का, नुसतं शोभेला? केशवराव बधले नाहीत. फेरदरपत्रकात दोन आली तरी चालतात, हा नियम त्यांनी शोधून काढला आणि पृष्ठ एकोणतीसवर लावला.

या वेळी पाकिटं उघडताना रजत स्वतः हजर होता. पुरवठादाराच्या प्रतिनिधीला हजर राहायचा हक्क असतो, हे त्याला वडिलांमुळे माहीत होतं. त्याने दोन वाट्या चिवडा खाल्ला आणि बाईंना चिवड्यात भुईमुगाचे दाणे कुठून आणले ते विचारलं. पाकिटांतले दर तेच निघाले. वेबसाईट तीनशे रुपयांनी कमी होती, पण तिच्या खालच्या बारीक ओळीत माल पोहोचण्याची तारीख होती, ती तान्ह्या पोळ्यानंतर चौथ्या दिवसाची.

नियमाप्रमाणे न्यूनतम म्हणजे न्यूनतम. नियमात पोळ्याचा उल्लेख नव्हता. केशवरावांनी फाईल सक्षम प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे टेबलाच्या पलीकडे सरकवली. प्रमोदिनीबाईंनी पेन काढलं आणि समासात लिहिलं: ‘बैल आधी की नियम आधी, ते कळवावे.’

मग वाटाघाटी झाल्या. रजतने तीनशे रुपये कमी केले, वर मशीन घरपोच द्यायचं कबूल केलं. उठताना तो म्हणाला, "सर, राग मानू नका. त्या दिवशी कोटेशन न मागता नेली असती ना, तर चौदाला दिली असती. कोटेशन म्हटलं की आमच्याकडं पाचशे-आठशे आपोआप चढते. सवय आहे."

मशीन आली तेव्हा पोळ्याला सहा दिवस होते. केशवरावांना ती बसवायला दोन दिवस लागले, कारण पुस्तिका चिनी भाषेत होती आणि चित्रांतला स्क्रू नेहमी दुसऱ्या बाजूने दाखवलेला असे. चौथ्या दिवशी सागवानाच्या तीन इंची फळीवर बैल पेन्सिलीने काढला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात, त्या खांदेमळणीच्या गप्पा बाहेर चालू होत्या; आत केशवरावांनी चष्मा लावला, बटण दाबलं. पाठ सुरेख आली. वशिंड एकच आलं, गोल, भरदार. दारात उभ्या असलेल्या प्रमोदिनीबाईंनी नकळत पदर सावरला. मग शिंगाच्या आतली वळणं आली आणि मशीन कण्हली. जळक्याचा वास आला, पट्टी अडकली, आणि शिंगापाशी लाकडावर काळा डाग पडला.

फोनवर रजत म्हणाला, सर, कंपनी तीन सुतीच ब्लेड देते. एवढ्या आत वळायचं तर दोन सुती पाहिजे, अरुंद. माझ्याकडं नाही. लकडगंजात जोडून देतात.

पंधरा मुद्द्यांत ‘ब्लेडसह’ असं होतं. ब्लेड किती रुंद, ते नव्हतं. आता नवी वस्तू म्हणजे नवी खरेदी, नवी खरेदी म्हणजे तीन पाकिटं. केशवराव जेवले नाहीत. नियमांचं जुनं पुस्तक काढून बसले. बाई आत-बाहेर करत होत्या. दिवेलागणीच्या सुमारास त्यांना ते सापडलं: तातडीची खरेदी. पूर, आग, साथीचे रोग अथवा तत्सम आपत्तीत दरपत्रकांशिवाय वस्तू घेता येते. चौतीस वर्षांत त्यांनी हे कलम एकदाही वापरलं नव्हतं. इतर शाखांनी वापरलं तेव्हा त्यावर कडक टिपणी मात्र लिहिली होती. त्यांनी पृष्ठ एक्केचाळीसवर आपत्तीच्या रकान्यात ‘पोळा’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

लकडगंजात एका आरा मशीनच्या मागच्या शेडमध्ये बापूजी ब्लेडं जोडत. नरखेडकडचे, पंचाहत्तरीचे, पांढऱ्या मिश्यांचे. त्यांनी दोन सुती पट्टीच्या गुंडाळीतून हवी तेवढी कापली आणि कशासाठी पाहिजे ते विचारलं. केशवरावांनी सांगितलं.

"तान्ह्या पोळ्याचा बैल?" बापूजी म्हणाले. "मंग आणा ना लाकूड इकडं. मी देतो कापून. चहा येईपरेंत होते."

बाहेरच्या दुकानावर चहा खरोखर उकळत होता. स्कूटरच्या डिक्कीत अर्धा बैल होता, माप दाखवायला आणलेला. दहा मिनिटांत सगळं संपलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. केशवरावांचा हात डिक्कीच्या किल्लीपर्यंत गेला.

"तसं चालत नाही," ते म्हणाले.

"काहून गा?"

"तो घरच्या खोलीतून निघाला पाहिजे."

"कोन्या खोलीतून?"

मग केशवरावांनी बापूजींना सगळं सांगितलं. दोन वशिंडं, खोलीची अट, तेरा मुद्दे, वाडीची क्रेन, पाकिटांवरचं मेण, पृष्ठ एक्केचाळीस. इतकं सगळं सलग, मोठ्याने, त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि सांगताना ते त्यांना फाईलमध्ये होतं तितकं नीटनेटकं वाटेना. बापूजी ऐकता ऐकता काम करत होते. ब्लेड जोडलं, जोडावरचा फुगवटा कानशीने घासला, बोटाने चाचपलं आणि ऐंशी रुपये घेतले.

"बाई हुशार हाय तुमची," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याच्या सकाळी, केशवराव पुन्हा उभे राहिले. ऑफिसच्या जीपची असते तशी एक वापर नोंदवही त्यांनी यंत्राशेजारी टांगली होती. तिच्यात सुरू करण्याची वेळ लिहिली, दहा बेचाळीस. ब्लेड शिंगाच्या आत सहज वळलं. काळा डाग कापला गेला. मागचे पाय, पुढचे पाय, शेपटीचा झुपका. मशीन बंद केली आणि वेळ लिहिली, दहा त्रेपन्न. बाकावर बैल उभा होता. कोणीही, कोणत्याही बाजूने पाहिलं तरी तो बैलच होता.

प्रमोदिनीबाईंनी तो हातात घेतला, वशिंडावरून अंगठा फिरवला आणि उलटा करून पाय पाहिले.

"चाकं?" त्यांनी विचारलं.

"गोल कापून लावतो. नाहीतर जुन्या बॅगेची आहेत."

"बॅगेचीच लावा," बाई म्हणाल्या.

तान्ह्या पोळ्याला बैल मैदानात गेला, झूल घालून, शिंगांना बेगड लावून. नातीने तो तीन फेऱ्या ओढला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. शेजाऱ्यांनी बैलाची किंमत विचारली, तेव्हा केशवराव एवढंच म्हणाले की घरी केला आहे. संध्याकाळी प्रमोदिनीबाईंनी मागच्या खोलीची किल्ली आपल्या जुडग्यातून काढून नवऱ्याच्या हातात दिली. दिलेला शब्द होता, पाळला.

दुसऱ्या दिवसापासून केशवराव सकाळी दहा वाजता खोली उघडून बसू लागले. मशीनवरची धूळ पुसत, ब्लेडला तेल लावत. मग बाकावर बसत. काही कापावं असं मनात येई, पण काय कापावं ते येत नसे. घरात वाकडं असं दुसरं काही लागत नव्हतं. अकराच्या सुमारास ते फाईल काढून पहिल्या पानापासून वाचत. तुलनात्मक तक्त्यापाशी आले की थांबत, आणि वाडीच्या त्या हिरव्या मशीनच्या आठवणीने त्यांना अजूनही थोडी धडधड होई.

"आता काय करणार?" बाईंनी एकदा दारातून विचारलं.

"ठरवून राहिलो."

दहाव्या दिवशी त्यांनी कपाटातून नवं फाईल कव्हर काढलं, पांढऱ्या दोऱ्याची गाठ बांधली आणि वर लिहिलं: ‘विषय : मागील खोली भाडेतत्त्वावर देणेबाबत.’ अटी सोळा झाल्या. वीज पहिल्याच अटीत होती. यंत्र खोलीतच राहील, ही अट शेवटची. फाईल घेऊन ते जरा अवघडूनच स्वयंपाकघरात गेले. प्रमोदिनीबाईंनी वाचली, चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी मंजूर केली. चर्चा नाही, शेरा नाही. फ्रिजवर एक दिवससुद्धा ठेवली नाही, याचं केशवरावांना थोडं वाईट वाटलं.

तीन पाकिटं आली. एकाला मशीन तिथून हलवून पाहिजे होती. दुसऱ्याने खोली नको, मशीनच विकता का, असं विचारलं होतं. ते अपात्र ठरलं. तिसरं पाकीट सावनेरच्या दिपालीचं होतं. ती फिजिओथेरपी शिकते. तिचा दर पहिल्यापेक्षा दोनशेने जास्त होता आणि मशीनला हरकत नव्हती.

दसऱ्यापासून ती तिथे राहते. मशीनला तिने आरसा टेकवला आहे. उंची बरोबर आली.